वायरमन सरांचं बिनवायरचं घर

"तुझ्याजवळ चोरीचं काय हाय का?"

राजारामपुरीतल्या एका गल्लीत खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. भाडं, डिपॉझिट, लग्न कधी करणार, यातलं काही नाही. मी कोडोलीची, शेतकऱ्याच्या घरची. नुकतीच एका ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायला लागले होते. चोर समजून कुणी दारात उभं करेल असं वाटलं नव्हतं. मी "न्हाय" म्हटलं. तोवर त्यांची नजर माझ्या पिशवीवर गेली. पिशवीतून एका जाडजूड ग्रंथाची झेरॉक्स डोकावत होती. मी सांगितलं, की पुस्तक बाजारात मिळत नाही म्हणून लायब्ररीतून आणून प्रत काढली. त्यांनी लेखक हयात आहेत का ते विचारलं. नाहीत म्हटल्यावर वारसांचं विचारलं. मला वारस कुठून माहीत असणार? शेवटी आतून एका बाईंचा आवाज आला, "अवो, पोरगी उन्हात उभी हाय. आत तरी घ्या." अशी मला गच्चीवरची खोली मिळाली.

त्यांना सगळी गल्ली 'सर' म्हणायची. आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त होऊनही शर्टाच्या खिशाला टेस्टर असायचाच. कुठल्याही लोखंडी वस्तूला हात घालण्याआधी ते हाताची मागची बाजू हळूच टेकवून बघायचे. गेट असो, नळ असो, बसचा दांडा असो. एकदा माझे वडील गावाकडून स्टीलच्या डब्यात तूप घेऊन आले, तर सरांनी तोही डबा आधी तसाच तपासला आणि मग घेतला. वडील बिचारे माझ्याकडं बघत राहिले. सर म्हणाले, करंट दिसत न्हाय म्हणून नसतो असं न्हाय, पावणं.

मला ते 'मॅडम' म्हणायचे, कारण मी शिकवत होते, आणि 'अगं-तुगं' करायचे, कारण मी त्यांच्या मुलीहून लहान होते. "मॅडम, तू जेवलीस का?" हे ऐकून माझ्या मैत्रिणी हसायच्या. आता कुणी नुसतं 'मॅडम' म्हटलं, की पुढचं 'तू' ऐकू येईल म्हणून मी अजून क्षणभर थांबते.

छप्पन साली त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली, तेव्हा सर आईच्या कडेवर होते. रोज सकाळी आंघोळ झाली की मोठ्यानं पंचशील म्हणायचे. आवाज गच्चीपर्यंत यायचा. दुसऱ्या शीलापाशी आले की मात्र आवाज खाली यायचा आणि चाल संथ व्हायची. जे दिलेलं नाही ते मी घेणार नाही. एकदा मी विचारलं, याच शीलावर एवढा जोर का? ते म्हणाले, "बाकीचं मोडलं तर कुणी ना कुणी बघतोय. हे माणूस एकटा असतानाच मोडतोय."

शेजारच्यांच्या आंब्याची एक फांदी आमच्या अंगणात उतरली होती. पडलेले आंबे सर बुट्टीत गोळा करून परत नेऊन द्यायचे. शेजारच्या काकी कंटाळून तीच बुट्टी पुन्हा आमच्याकडं पाठवायच्या. मग मात्र सर चवीनं खायचे, कारण आता ते दिलेले होते. माझी आई जोतिबाला जाऊन आली, की गुलालानं माखलेल्या पुडीतले पेढे घेऊन माझ्याकडं यायची. ते सर घेतील का, अशी मला पहिल्यांदा शंका होती. त्यांनी पुडी झटकली, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "तुझ्या आईनं दिलाय. माझं काम तिच्यापाशी."

अशा माणसाच्या घरात लॅपटॉप आला.

त्यांची एकुलती मुलगी लष्करात नर्स होती आणि तेव्हा आसामात होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण त्याच वर्षी मावशी, म्हणजे सरांच्या पत्नी, घरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत सळई बसली. मागच्या खोलीतला पलंग आणि वॉकर धरून मोरी, एवढंच त्यांचं जग उरलं. खुर्चीत फार वेळ बसवत नव्हतं. मुलीचं बाळंतपण मग आसामातच झालं. सासू तिकडं गेली. मुलगी झाली. नातीचा एक फोटो टपालानं आला होता, तो मावशींनी उशीखाली ठेवून ठेवून त्याचे कोपरे मऊ पडले होते. मुलीनं पैसे पाठवून कळवलं, की लॅपटॉप घ्या, इंटरनेट घ्या, म्हणजे आईला बाळ दाखवते.

सर दुकानात गेले तेव्हा मी बरोबर होते. त्या काळात स्वस्त लॅपटॉप आतून रिकामेच मिळायचे. दुकानदार म्हणाला, "विंडोज टाकून देतो की. वेगळं काय लागत न्हाय." सरांनी विचारलं, की हे तुम्हाला कुणी दिलंय? दुकानदार हसला. म्हणाला, सर, सगळं कोल्हापूर हेच वापरतंय. सर म्हणाले, मग सगळ्या कोल्हापूरला माझा नमस्कार सांगा, आणि रिकामा लॅपटॉप घेऊन बाहेर पडले.

रिकाम्या लॅपटॉपला झाकण उघडून बंद करण्यापलीकडं काही काम नसतं. मग माझ्या कॉलेजातल्या संगणकाच्या शिक्षकांनी विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचं नाव सांगितलं. ते फुकट असतं, कुणीही वापरावं, कुणालाही द्यावं, अशी ते करणाऱ्यांचीच इच्छा असते. नुसता अर्ज केला तर परदेशातून टपालानं सीडी घरपोच येते. सरांचा विश्वास बसेना. काही आठवड्यांनी खरंच पुठ्ठ्याचं पाकीट आलं. त्यात एक नाही, चार-पाच सीड्या होत्या. एक तुम्हाला, बाकीच्या वाटा, असा निरोप होता. सर बराच वेळ ते पाकीट हातात धरून अंगणात उभे होते. आत जाऊन मावशींना म्हणाले, "दान आलंय गं. कोण कुठला माणूस, वळख ना पाळख."

लिनक्स चढलं. हॉलमध्ये फोनशेजारी नवं मोडेम ठेवलं होतं. त्याला छोट्या वायरनं जोडलं की लॅपटॉपवर इंटरनेट झक्क चालायचं. पण हॉलमध्ये बाळ दिसून काय उपयोग? मावशी मागच्या खोलीत. आणि वायर काढली की लॅपटॉप मुका. वायरलेस म्हणून काही असतं, हे त्याला माहीतच नसावं असा.

मला त्यातलं काही कळत नव्हतं, सरांना तर नव्हतंच. मी इंटरनेटवरचं इंग्रजी वाचून मराठीत सांगायची आणि ते पडद्यावरच्या, आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत एकेक अक्षर एका बोटानं दाबायचे. त्या खिडकीला ते 'काळी पाटी' म्हणायचे. एखाद्या आज्ञेत मोकळी जागा सोडायची राहिली, की पाटीवर चूक उमटायची. सर ती मास्तरांची शाबासकी असल्यासारखी मोठ्यानं वाचायचे. चिडायचे नाहीत. म्हणायचे, सांगतोय तरी बिचारा कुठं चुकलं ते. माणसं कुठं सांगत्यात.

असे कितीतरी दिवस गेले. कॉलेजातून आले की मी दप्तर टाकून खाली जायची. मावशी आतून चहाची ऑर्डर सोडायच्या, चहा मीच करायची, आणि आम्ही दोघं पाटीसमोर बसायचो. मी एकदा म्हटलं, सर, तुम्ही जन्मभर वायरी ओढल्या. हॉलपासून मागच्या खोलीपर्यंत एक वायर ओढायला तुम्हाला अर्धा तास लागेल. भिंतीवरून पट्टीतून न्या. सरांनी खिशातला टेस्टर काढून शर्टाला पुसला आणि परत खिशाला लावला.

शेवटी दुखणं सापडलं. लॅपटॉपमधल्या वायरलेसच्या कार्डाला जागं करायला एक छोटा प्रोग्राम लागायचा. तो कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचा, म्हणून लिनक्सवाले तो आपल्या सीडीत घालून देऊ शकत नव्हते. आपण कंपनीचीच फाइल उतरवायची आणि तिच्यातून तो काढून घ्यायचा.

"काढून घ्यायचा म्हंजे?" सरांनी विचारलं.

झालं. दोन दिवस काम बंद. सरांनी कंपनीच्या अटींचे कागद छापून आणायला लावले आणि शब्दकोश घेऊन बसले. अटी वाचून ना त्यांना कळलं ना मला. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपला निकाल मावशींसमोर मांडला. कार्ड लॅपटॉपात आहे, लॅपटॉप आपण विकत घेतलाय, मग त्याला चालवणारी गोष्ट आपलीच. म्हैस घेतली की दावं संगं येतंय.

पलंगावरून मावशी म्हणाल्या, "कुठलं येतंय. विकणारा दावं सोडून घेतोय. इचारा हिला, कोडोलीत काय करत्यात."

मला खरं सांगणं भाग होतं. आमच्याकडंही विकणारा दावं सोडूनच घेतो. सर पुन्हा अंगणात गेले. फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "हे दावं न्हाय. ही वेसण हाय. नाकातनं आरपार गेलेली. ती न्हाय कोण काढून घेत." मावशींनी माझ्याकडं बघून मान डोलावली. वेसण मंजूर झाली.

त्याच सुमारास एका दुपारी सर बाहेर गेलेले असताना मी मावशींच्या पायाला तेल लावत होते. मी पुन्हा तोच विषय काढला, की एक वायर ओढली असती तर एव्हाना तुम्हाला नात रोज दिसली असती. मावशी छताकडं बघत होत्या. म्हणाल्या, "मी वायरीत अडकूनच पडलो, बाई."

निवृत्त झाल्यावर सरांना रिकामं बसवेना. घरात रोज काहीतरी नवं जोडायचे. दाराला बेल, मोरीत दिवा, मावशींच्या पलंगाशी पंखा. त्या दिवशी पंखा करून बघायला म्हणून घरातल्या बोळातून एक वायर आडवी टाकली आणि चहा प्यायला बसले. मावशी भाताचं पातेलं घेऊन येत होत्या. पोरीला फोनवर मावशींनीच सांगितलं, की मोरीत पाय घसरला. तेव्हापासून सर मुलीशी फोनवर बोलत नव्हते. घंटी वाजली की उचलायचे, "आईला देतो," म्हणायचे आणि रिसीव्हर पुढं करायचे. ऑपरेशन झालं त्या आठवड्यात घरातल्या सगळ्या उघड्या वायरी त्यांनी उपटून काढल्या. या घरात आता नवी वायर येणार नाही, असं म्हणाले.

"मी म्हटलं, आता सांगून काय व्हतंय. पोरगी लांब, पोटुशी. हे म्हटले, फोनवर न्हाय सांगत. तोंडासमोर सांगीन. आन् तू संगं पाहिजेस." मावशी मग म्हणाल्या, "माझ्यापायी खोटं पडलंय त्यांच्या गळ्यात. त्यास्नी गिळवंना झालंय."

मी तेलाची वाटी घेऊन तशीच बसून राहिले. इतके दिवस मला वाटत होतं, की आम्ही नातीसाठी खटपट करतोय.

मुलीला रविवारी दुपारी मोकळीक असायची. त्या रविवारी मी आणि सर लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत, मावशींच्या पलंगाच्या कडेला बसलो होतो. वेसण घालून झाली होती. पाटी म्हणत होती, सगळं जागेवर आहे. तरी वायरलेस जागं होईना. मी तीच तीच पानं पुन्हा वाचत होते. मावशी कुशीवर झोपलेल्या, त्यांचे डोळे बरोबर लॅपटॉपच्या कडेशी. त्यांनी विचारलं, "हे नारिंगी काय जळतंय हितं?" लॅपटॉपच्या पुढच्या कडेला, आम्हाला वरून दिसणारच नाही अशा जागी, वायरलेसचं एक बारकं सरकतं बटण होतं. सरांनी ते नखानं सरकवलं. दिवा निळा झाला.

जन्मभर पोरांना शिकवलेलं पहिलं वाक्य सरांनी स्वतःलाच ऐकवलं. आधी स्विच बघावा. आणि हसले. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. खालचे दोन दात नव्हते, ते तेव्हा कळलं.

पडद्यावर आमच्या मोडेमचं नाव आलं, पण त्याला कुलूप होतं. संकेतशब्द घातला तरी लॅपटॉप तो घेईना, पुन्हा पुन्हा मागत राहिला. आणि मग, आम्ही काही न करता, समोरच्या गणिताच्या क्लासचं इंटरनेट आपोआप जोडलं गेलं. त्यांचं उघडंच होतं. लगेच व्हिडिओ कॉलच्या खिडकीत मुलीचं नाव हिरवं झालं. ती तिकडं वाट बघत बसली होती.

सरांनी बटण मागं सरकवलं. दिवा पुन्हा नारिंगी.

"हे आपलं न्हाय," म्हणाले. "इचारून येतो."

तसेच बनियनवर, पायात चपला अडकवून गेले. खोलीत मी आणि मावशी. तिकडं आसामात पोरगी वाट बघत होती, तिची मोकळीक कधी संपेल सांगता येत नव्हतं. मावशींची नजर त्या दिव्यावर खिळली होती. म्हणाल्या, "सरकव गं. पाप लागलं तर मला लागू दे." मी हात पुढं केला, तेवढ्यात त्यांनीच माझं मनगट धरलं. "थांब. येऊ देत त्यास्नी."

क्लासमध्ये काय झालं ते क्लासवाल्या सरांनीच मला नंतर सांगितलं. परीक्षा चालू होती. आमचे सर दारात उभे राहून म्हणाले, तुमचं इंटरनेट आमच्या घरात आलंय, वापरू का? पोरं हसली. क्लासवाले म्हणाले, वापरा की, त्यात काय विचारायचं. आमच्या सरांनी विचारलं, मनापासनं देताय न्हवं? आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलले नाहीत.

परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. शर्ट चढवला, केसांवरून पाण्याचा हात फिरवला आणि बटण स्वतः सरकवलं.

मुलगी दिसली. गोल चेहरा, सरांसारखीच कपाळावर आठी. "आई," म्हणाली आणि पडद्याजवळ सरकली. मावशी नुसत्या पडद्यावर हात फिरवत राहिल्या. सर पलंगाच्या डोक्याशी, कॅमेऱ्यात येणार नाहीत असे उभे होते. मुलीनं विचारलं, बाबा कुठं आहेत? मग ते आले. मावशींच्या उशाशी टेकले. हात गुडघ्यांवर ठेवले, नोकरीच्या मुलाखतीला बसल्यासारखे.

"तुझी आई मोरीत न्हाय पडली. मी बोळात वायर टाकली हुती. तिच्यात पाय अडकला. तुझं बाळंतपण माझ्यामुळं हितं झालं न्हाय."

मुलगी हलली नाही. डोळे उघडे, ओठ अर्धवट विलग. आम्ही थांबलो. ती काहीच बोलेना. सर तिच्याकडं बघत राहिले आणि त्यांची मान हळूहळू खाली जाऊ लागली. माझ्या लक्षात यायला वेळ लागला, की चित्र गोठलंय. ती किती वेळापूर्वी गोठली, किती ऐकलं, काहीच सांगता येत नव्हतं. मी ते सांगायला तोंड उघडलं, तर मावशींनी खूण करून मला गप्प केलं. त्यांना ठाऊक असावं, की हे दुसऱ्यांदा सांगण्याचं बळ सरांच्यात नाही.

मग आधी आवाज आला. बाळाच्या रडण्याचा. चित्र तसंच आणि रडणं चालू. त्यामागून मुलीचा आवाज, तुटक तुटक.

"बाबा, ऐकलं मी. सगळं ऐकलं. मान वर करा. ही तुम्हाला बघायची राहिलीय."

चित्र सुटलं तेव्हा सगळा पडदा नातीच्या तोंडानं भरला होता. ओले डोळे आणि नाक. सरांनी हात पुढं केला. आणि सवयीनं, हाताची मागची बाजू तिच्या गालाला टेकवली. मग पंजा उलटा करून तसाच ठेवून दिला.

मी वर खोलीत निघून आले.

पुढं काही महिन्यांनी मला दुसऱ्या जिल्ह्यात कायमची नोकरी लागली. जाईपर्यंत एक गंमत मात्र बघितली. कुलूप असलेलं इंटरनेट तो लॅपटॉप शेवटपर्यंत घेईना, म्हणून सरांनी आपल्या मोडेमचं कुलूपच काढून टाकलं. लोक चोरून वापरतील, मी म्हटलं. ते म्हणाले, चोरतील कशाला, मीच देतो. आणि इंटरनेटचं नाव बदलून ठेवलं 'घ्या'. क्लासची पोरं आमच्या कठड्याला टेकून आपापल्या मोबाइलवर ते वापरायची. त्यातलं एखादं आत येऊन विचारायचं, सर, घेऊ का? सर म्हणायचे, नाव वाच की.

मावशी नंतर वॉकरशिवाय चालू लागल्या, नातीला मांडीवर घेऊन झालं, आणि एका हिवाळ्यात गेल्या. मुलीची बदली पुण्याला झाली होती, सर तिच्याकडं राहायला गेले. घर विकलं. ते कळलं तेव्हा मी परगावी भाकरी थापत होते. हातातली भाकरी तशीच परातीत राहिली.

मागच्या वर्षी त्यांना भेटायला गेले. मुलीनं आधीच सांगितलं होतं, की आता माणसं ओळखत नाहीत. आमच्या कोल्हापूरकडं बायकाही 'मी आलो, मी जातो' असं म्हणतात. इकडं नोकरीच्या गावी लोक हसतात म्हणून मी ते कधीच सोडून दिलं होतं. त्या दिवशी दारात चपला काढताना आपसूक तोंडून गेलं, "सर, मी आलो."

खिडकीतल्या खुर्चीत बसलेले सर वळले. माझ्या तोंडाकडं बघून त्यांना काही आठवलं नाही. पण मुलीला हाक मारून म्हणाले, "बघ गं, कोल्हापूरचं कोण आलंय." मला जवळ बसवून घेतलं. माझा हात हातात धरून विचारलं, तिकडं पाऊस कसा आहे? पंचगंगेला पाणी चढलंय का?

हो म्हणून टाकावं असं फार वाटलं. पण त्यांच्यासमोर जमेना. मी म्हटलं, "म्हाईत न्हाय, सर. मीबी लई दिवस तिकडं गेलो न्हाय."

त्यांनी मान डोलावली. खिडकीबाहेर बघत बराच वेळ माझा हात थोपटत राहिले.

"मग आपण दोघंबी पावणंच की," म्हणाले.